एक पैसा कसा हरवावा : नवशिक्यांसाठी फ्लोटची मार्गदर्शिका

लागणारे साहित्य : एक संगणक, त्यावर पायथन किंवा जावास्क्रिप्ट, दशांश चिन्ह असलेले दोन लहान आकडे आणि आपल्याला बेरीज येते हा आत्मविश्वास. शेवटची वस्तू सोडून बाकी सगळे साहित्य कृती संपल्यावर पुन्हा वापरता येते.

प्रथम ०.१ घ्यावा. त्यात ०.२ मिळवावा. उत्तर ०.३ येणार अशा खात्रीने एंटर दाबावे. पडद्यावर ०.३ उमटेल, त्यामागून पंधरा शून्ये येतील आणि सगळ्यांच्या शेवटी, लग्नाच्या पंगतीत आगंतुक बसावा तसा, एक ४.

अनुभवी माणसे इथे चहा प्यायला उठतात. नवशिक्याने मात्र रीतसर पायऱ्या पाळाव्यात. आधी आकडे पुन्हा टाकावेत. मग संगणक बंद करून चालू करावा. मग शेजारच्या टेबलावरच्या संगणकावर तीच बेरीज करून बघावी. तिथेही तोच ४ निघेल. दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या देशात बनलेला संगणक आणला तरी बहुधा तोच ४, त्याच घरात.

ही एकवाक्यता फुकट मिळालेली नाही. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या यंत्राचे अपूर्णांकांचे गणित आपापले असे; एका यंत्रावर नीट चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर वेगळीच उत्तरे देई. १९८५ मध्ये आयईईई ७५४ हे मानक आले. त्यामागे बर्कलीचे प्राध्यापक विल्यम काहान यांचा मोठा वाटा होता. १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. तेव्हापासून किती बिट वापरायचे, उरलेला भाग कुठे आणि कसा कापायचा, हे ठरलेले आहे. त्यामुळे आपला ४ हा बिघाड नाही, आंतरराष्ट्रीय कराराचे पालन आहे. तक्रार करायला जाण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

आता कारण. नवशिक्याने हा भाग वाचलाच पाहिजे असे नाही. बरेच लोक वीस वर्षे नोकरी करून तो न वाचता निवृत्त होतात.

संगणक दशांश चिन्हाच्या संख्या ‘फ्लोट’ म्हणून ठेवतो; त्यातल्या नेहमीच्या ‘डबल’ प्रकाराला ६४ बिट मिळतात. एक बिट चिन्हाला, अकरा घातांकाला, बावन्न अपूर्णांकाला. या बावन्न घरांत अर्धा, पाव, अर्धपाव, त्याचा निम्मा, पुन्हा त्याचा निम्मा असे तुकडे ठेवता येतात. दुसरा तुकडाच नाही. ज्या अपूर्णांकाचा छेद फक्त दोनालाच पुन्हापुन्हा गुणून बनला असेल तो या घरांत नेमका बसतो. दहाच्या छेदात दोन आहे तसा पाचही आहे, आणि सगळा घोटाळा त्या पाचाने केला आहे. दहावा हिस्सा निम्म्या-निम्म्या तुकड्यांतून जुळवायला गेले की ००११, ००११ असे अनंतापर्यंत चालू राहते. घरे बावन्न. मग कुठेतरी कापावे लागते.

कापताना शेवटचे घर जवळच्या आकड्यावर नेतात, त्यामुळे जे उरते ते ०.१ पेक्षा कणभर जास्त आहे. किती? सतराव्या दशांश घरापर्यंत काहीच नाही, अठराव्या घरापासून ५५५१११५१२३ अशी शेपटी. ०.२ सुद्धा असाच कणभर जास्त. ०.३ मात्र कापताना कणभर कमी होतो. दोन जास्तांची बेरीज केली आणि ती एका कमीशी ताडून बघितली, तर फरक निघणारच. यंत्राने बेरीज नियमाप्रमाणे केली. फक्त ती आपण सांगितलेल्या आकड्यांची नव्हती, त्याने उतरवून घेतलेल्या आकड्यांची होती. आपण सांगितले काय आणि लिहून घेतले काय, याची चौकशी न करण्याची सवय सरकारी कचेऱ्यांमुळे आपल्याला आहेच, त्यामुळे हा मुद्दा जड जाऊ नये.

इथे एक विषयांतर करतो, कारण त्याचा मला आनंद होतो. जुन्या मराठी शाळेत मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत असत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन. यातला प्रत्येक अपूर्णांक संगणकात शेवटच्या बिटापर्यंत अचूक बसतो. एकही कापावा लागत नाही. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. म्हणजे जुना पैसा हा रुपयाचा चौसष्टावा भाग. तोही अचूक. शेराचे सोळा छटाक, अचूक. फक्त पैशाच्या तीन पै केल्या तिथे तीन शिरला आणि गणित बिघडले. पण पैवर भांडणारे गिऱ्हाईक तसेही विरळच. आपल्या किराणा दुकानदाराची वही बिनतक्रार फ्लोटमध्ये चढवता आली असती. मग १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. सोय झाली, हिशेब सोपे झाले, हे खरेच. पण शंभरात पाच दोनदा येतो. तीन वर्षांनी, १९६० मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक कामाला लागला. दोनाच्या घरात हिशेब करणारी यंत्रे दारात येऊन उभी राहिली, नेमके तेव्हाच आपण आणे मोडीत काढले होते.

असो. मुख्य कृतीकडे वळू : पैसा हरवणे.

१०७ रुपयांची एखादी वस्तू घ्यावी, जिच्यावर पाच टक्के जीएसटी आहे. त्यातला निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा, अडीच-अडीच टक्के. कागदावर १०७ चे अडीच टक्के २.६७५ होतात आणि दोन घरांपर्यंत आणले की दोन रुपये अडुसष्ट पैसे. आता हे काम दोन नवशिक्यांना वाटून द्यावे. केंद्राचा कर काढणारा लिहितो : १०७ गुणिले ०.०२५. राज्याचा कर काढणारा जरा जुन्या वळणाचा असल्यामुळे आधी १०७ ला अडीचाने गुणतो, मग शंभराने भागतो. गणिताच्या बाईंनी दोघांनाही पूर्ण गुण दिले असते.

पहिल्याचे उत्तर २.६७५ च्या पुढे बारा शून्ये आणि एक ३ असे येते. पायथनच्या राउंडमधून काढले की २.६८. दुसऱ्याचा अडीचाचा गुणाकार बघण्यासारखा असतो : दोनशे साडेसदुसष्ट, अगदी काटेकोर, कारण अडीचही नेमका आणि साडेही नेमका. पण शंभराने भागल्यावर जे उरते ते पडद्यावर २.६७५ दिसत असले तरी आत २.६७४९९९९९ अशा नवांच्या लांब रांगेचे असते. राउंड त्या रांगेकडे बघतो आणि २.६७ देतो. वस्तू एक, दर एक, ग्राहक एक, आणि दोन सरकारांना दोन वेगळे कर. पैसा हरवला. अभिनंदन.

हा पैसा परत मिळवण्याची सरळ वाट आहे, पण ती नवशिक्याने घेऊ नये. रक्कम सुरुवातीपासून पैशांत, म्हणजे १०७०० अशी पूर्णांकात ठेवली, टक्केवारीचा भागाकार सगळ्यात शेवटी एकदाच केला आणि अर्धा पैसा कुठल्या बाजूला ढकलायचा हे आपण स्वतः लिहून ठेवले, तर दोघांचेही उत्तर अडुसष्ट येते आणि ही सगळी मार्गदर्शिका वाया जाते. जुनी बँकिंगची व्यवस्था कोबोलमध्ये लिहिणारी मंडळी दशांशाचे हिशेब दशांशातच ठेवत आली. त्यांच्याकडे असा चमत्कार बघायला मिळत नाही. बिचारे.

हरवलेला पैसा सापडला नाही म्हणून जमाखर्च अडत नाही, ही आपल्या व्यवस्थेची थोरवी. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्ये कराची रक्कम जवळच्या रुपयापर्यंत आणण्याची सोय आहे : पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. आणि टॅलीत बसणाऱ्या कुठल्याही अकाउंटंटला विचारा, ‘राउंड ऑफ’ नावाचे एक लेजर असते. इन्व्हॉइसच्या तळाशी, एकूण रकमेच्या जरा वर, त्याची ओळ बसलेली असते. त्यात काय येते नि कुठून येते, हे कोणी विचारत नाही. बरे असते.

प्रोग्राम तपासताना घ्यावयाची काळजी. चाचणीसाठी ०.१ अधिक ०.३ घ्यावे. बरोबर ०.४ येते. ०.१ अधिक ०.४ घ्यावे. बरोबर ०.५ येते. आता काम झाले असे जाहीर करावे आणि सुट्टीवर जावे. ०.१ अधिक ०.७ करून बघू नये, ०.७९९९... बघितल्यावर सुट्टी लागत नाही. बेरजेचा क्रमही बदलू नये. ०.१, ०.२ आणि ०.३ डावीकडून मिळवत गेल्यास एक उत्तर, उजवीकडून मिळवत आल्यास दुसरे. कंस कुठेही टाका, बेरीज तीच, असे सातवीत शिकवले होते; ते सातवीपुरतेच समजावे.

उधारीचे खाते बंद करताना एक खास मौज साधता येते. ग्राहकाकडे ०.५ येणे होते, त्याने ०.४ दिले, मग ०.१ दिले. बाकी शून्य. पण यंत्रातली बाकी शून्याच्या किंचित खाली असते, दशांश चिन्हानंतर सोळा शून्ये आणि मग २७ अशी. दोन घरांत छापायला सांगितले की बिलावर येते : वजा ०.००. ग्राहकाला वजा शून्य रुपये परत कसे द्यावेत, याचा निर्णय काउंटरवरच्या माणसावर सोपवावा. आणि प्रोग्राममध्ये ‘बाकी शून्य असेल तरच खाते बंद करा’ असे लिहिले असेल तर ते खाते मार्चअखेरपर्यंत तसेच उघडे राहील. कुणीतरी त्याला आठवणीचा एसएमएसही पाठवील.

मोठ्या रकमांसाठी वेगळे तंत्र आहे. डेटाबेसमध्ये रक्कम ठेवताना ‘डबल’ऐवजी ३२ बिटांचा साधा ‘फ्लोट’ निवडावा. जागा वाचते असे कारण द्यावे. १,३१,०७२ रुपयांच्या पुढे त्यात दोन शेजारच्या आकड्यांमधले अंतर दीड पैशाहून जास्त होते, म्हणजे पैसे मोजणे तिथेच संपले. आणि १,६७,७७,२१६ वर पोचलात की एक रुपया जमा केला तरी रक्कम हलत नाही. पुन्हा एक जमा करा, पुन्हा हलणार नाही. एक कोटी सदुसष्ट लाखांत मुंबईत फारसे काही येत नाही. पण ज्याने तेवढ्याचा फ्लॅट घेतला, त्याने सोसायटीचा एकेक रुपया आयुष्यभर भरला तरी या रकान्यात त्याची नोंद व्हायची नाही. डबलमध्ये हीच भिंत ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ वर आहे. तिथपर्यंत पोचणाऱ्या नवशिक्याने लेखापाल नेमावा.

एक्सेलमध्ये तर भिंत त्याच्याही अलीकडे आहे : पंधरा अर्थपूर्ण अंक. सोळा अंकी कार्ड नंबर आकडा म्हणून टाकला की शेवटचा अंक मुकाट्याने शून्य होतो. चौकट लाल होत नाही, सूचना येत नाही. ज्या ऑफिसात हे एकदा झाले आहे, तिथे नंबर टाकण्याआधी त्या रकान्याचा फॉर्मॅट टेक्स्ट करण्याचा नियम भिंतीवर चिकटवलेला आढळतो, अर्थात ज्याने चिकटवला तो आता दुसऱ्या ऑफिसात असतो.

आता मोठ्या माणसांनी हे कसे केले ते बघू. व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १००० वर एक निर्देशांक सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्याने काढायचा, तीन दशांश घरे ठेवायची. पण चौथ्या घराकडे बघून जवळच्या आकड्यावर न्यायचे, ते न करता उरलेली घरे सरळ तोडली जात. एका वेळी हजाराव्या भागाचाही काही हिस्सा. त्याने काय होते? दिवसातून हजारो वेळा केल्याने असे होते, की नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४.८११ वर आला. बाजार तर बरा चालला होता. हिशेब नीट करून लावला तेव्हा तोच निर्देशांक १०९८.८९२ निघाला. तोडणे आणि राउंड करणे यात काय फरक, असे विचारणाऱ्यांसाठी हे उदाहरण राखून ठेवावे. राउंड करण्यातली चूक कधी वर जाते, कधी खाली, आणि बरीचशी आपापसात मिटते. तोडण्यातली चूक नेहमी एकाच बाजूला जाते. म्हणूनच पायथन २.५ ला २ करतो आणि ३.५ ला ४ : नेमका अर्धा आला की समसंख्येकडे जा, म्हणजे दरवेळी वरच ढकलल्याचा कल हिशेबात साचत नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला हाही बिघाड वाटतो.

दुसरे उदाहरण दहाव्या हिश्श्याचेच आहे आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरानला अमेरिकन सैन्याची, शत्रूची क्षेपणास्त्रे पाडणाऱ्या पॅट्रियट क्षेपणास्त्रांची तुकडी होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दहावे हिस्से मोजत असे, आणि सेकंद काढण्यासाठी त्या मोजणीला ०.१ ने गुणत असे. हा फ्लोट नव्हता, २४ बिटांची ठरावीक घरे होती, पण ०.१ तिथेही बसत नाही. तो तोडून ठेवला होता. एका ठोक्यामागे चूक सेकंदाच्या सुमारे ०.०००००००९५ इतकी. यंत्रणा काही तास चालेल, मग हलवली जाईल, असे रचनाकारांनी धरले होते. धाहरानला ती शंभर तासांहून जास्त वेळ सलग चालू होती. शंभर तासांत छत्तीस लाख ठोके. चूक साठत साठत ०.३४ सेकंदांवर गेली. इराकचे स्कड क्षेपणास्त्र सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त जाते, म्हणजे एवढ्या वेळात अर्धा किलोमीटर. रडारने आकाशाच्या ज्या तुकड्यात बघायचे ठरवले तिथे काहीच नव्हते. २५ फेब्रुवारीला असे एक स्कड अमेरिकन सैन्याच्या बराकीवर पडले आणि २८ सैनिक मेले. इस्रायलींनी ११ फेब्रुवारीलाच कळवले होते, की आठ तास सलग चालवली तर नेम सरकतो. २१ तारखेला पॅट्रियट वापरणाऱ्यांना संदेश गेला होता, की यंत्रणा फार वेळ सलग चालली तर नेम सरकू शकतो. फार वेळ म्हणजे किती, ते त्यात नव्हते. दुरुस्त केलेला प्रोग्राम धाहरानला २६ तारखेला पोचला.

हे वाचून ज्याला उपाय हवा असेल त्याच्यासाठी दोन उपाय आहेत आणि दोन्ही चुकवण्याची पद्धतही सांगतो, कारण नवशिक्याला ती कोणी सांगत नाही. पहिला, पायथनचा ‘डेसिमल’. हा दशांशात हिशेब करतो आणि पैशासाठी उत्तम आहे. त्याला ०.१ अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून द्यायचा असतो. अवतरणचिन्हे विसरावीत. मग डेसिमलच्या हाती पडण्याआधीच तो फ्लोट झालेला असतो, आणि डेसिमल ती अठराव्या घरापासूनची शेपटी पंचावन्न घरांपर्यंत इमानेइतबारे जपून ठेवतो. महागडी तिजोरी, आत खोटे नाणे.

दुसरा उपाय, दोन फ्लोट समान आहेत का असे न विचारता पुरेसे जवळ आहेत का असे विचारणे. हा खरोखर शहाणा उपाय आहे. तो बिघडवण्यासाठी ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे पुस्तकातून उचलावे. बहुतेक पुस्तकांत ०.०००००१ सारखे काहीतरी असते. अणूंच्या अंतरांचा हिशेब करत असाल तर सगळे अणू सारखेच निघतील. एक लाख कोटींचे अर्थसंकल्पी आकडे फ्लोटमध्ये ताडत असाल तर शेवटच्या बिटापर्यंत तेच असल्याखेरीज काहीच सारखे निघणार नाही. आणि अशी तुलना करणारे पायथनचे तयार ‘मॅथ.इझक्लोज’ वापरत असाल तर शून्याशी तुलना करावी. ते जवळीक आकड्याच्या आकाराच्या प्रमाणात मोजते, त्यामुळे वेगळी मर्यादा सांगितल्याशिवाय शून्याच्या जवळ त्याला शून्याखेरीज कोणीच सापडत नाही. वर सांगितलेले वजा शून्याचे खाते पुन्हा उघडेच राहील.

नॅन नावाचा एक प्रकारही आहे, संख्या नसलेली संख्या, जी स्वतःशीही समान नसते. यादीची क्रमवारी लावताना ती मधे एकदा टाकून बघावी. इथे त्याचा विस्तार करत नाही.

स्वाध्याय.

१. दुकानाच्या बिलात १.१ गुणिले १.१ करून बघा. आलेला जादाचा हिस्सा ग्राहकाला सवलत म्हणून देता येईल का, यावर आपल्या सीएशी बोला.

२. एका रकान्यात दहा वेळा ०.१ लिहून पायथनच्या लूपमध्ये एकेक करून मिळवा. उत्तर १ पेक्षा कमी येते. मग प्रत्येक आकडा अवतरणचिन्हांत घालून डेसिमलने करा. दोन उत्तरांतला फरक कुणाच्या खात्यात टाकाल?

३. एक लूप लिहा : शून्यापासून सुरुवात करा, दर फेरीत ०.१ मिळवा, आणि बेरीज नेमकी १ झाली की थांबा. ती नेमकी १ कधीच होत नाही, ०.९९९ वरून उडी थेट १.०९९ वर जाते आणि लूप पुढे निघतो. तो आपणहून थांबत नाही. डबलमध्ये चालू ठेवलात तर १,१२,५८,९९,९०,६८,४२,६२४ वर पोचल्यानंतर ०.१ मिळवला तरी आकडा जागचा हलत नाही, कारण तिथे शेजारचा आकडा पावाच्या अंतरावर असतो आणि दहावा हिस्सा पावाच्या निम्म्यालाही पुरत नाही. यंत्र मात्र मिळवतच राहते. तिथवर जायचा बेत असेल तर लॅपटॉप चार्जरला लावून ठेवावा आणि पंख्याची जाळी आधी साफ करून घ्यावी.